गाडी बाईची, समाधान साहेबांचं

मोटारींची शोरूम हा आपल्या त्रैमासिकाचा विषय कसा काय, असं काही मैत्रिणींना वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, पाणी, जमिनीवरचा हक्क हे आपले विषय. गाडी म्हणजे चंगळ, असं आपल्यापैकी अनेकींच्या मनात पक्कं बसलेलं आहे आणि मुंबईतल्या एकेका घराच्या दोन-दोन, तीन-तीन गाड्या बघितल्या की ते खोटंही वाटत नाही.

पण मी काम करते ते अलिबाग ते श्रीवर्धन या किनारपट्टीवर. इथे शेवटची एसटी गेली की बाईचा दिवस संपतो. बैठक अर्ध्यावर सोडून उठणारी बाई बेफिकीर नसते, तिला गाडी गाठायची असते. अशा भागात गेल्या काही वर्षांत आशा कार्यकर्ती, शिक्षिका, नागाव-काशीदकडे पर्यटकांसाठी खोल्या चालवणारी, मासळी बाजारात बसणारी, अशा बायकांच्या हातात स्कूटर, छोटी मोटार, टेम्पो येऊ लागला आहे. कुणी भिशी उचलते, कुणी पाटल्या गहाण ठेवते, बाकीचं कर्ज. तिच्या स्वतःच्या कमाईतून झालेली ही बहुतेक वेळा आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी असते. घरापेक्षाही मोठी, कारण घर सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर असतं.

ही बाई शोरूममध्ये जाते तेव्हा काय होतं? काचेचं दार कुणीतरी उघडतं, पाणी येतं, गुळगुळीत पत्रक हातात पडतं. विक्रेता मुलगा ‘या मॅडम’ म्हणून बसवतो आणि त्याचं दुसरं वाक्य असतं, ‘साहेब मागून येतायत का?’ साहेब आले की खुर्च्यांची दिशाच बदलते. इंजिन, मायलेज, व्याजाचा दर, विमा हे सगळं साहेबांना सांगितलं जातं. बाईला रंग दाखवतात आणि उन्हाच्या पट्टीमागचा छोटा आरसा दाखवतात. १९५५ साली अमेरिकेत डॉज कंपनीनं खास बायकांसाठी म्हणून ‘ला फेम’ नावाची गुलाबी मोटार काढली होती. सोबत जुळणारी पर्स, लिपस्टिकची डबी आणि छत्री. दोन वर्षांत ती बंद करावी लागली. सत्तर वर्षं झाली, आरसा दाखवणं काही संपलेलं नाही.

मी माझी गाडी घेतली तेव्हा सोबत वडील होते. निवृत्त शिक्षक, उभ्या आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. विक्रेता सगळं त्यांनाच समजावत होता. शेवटी ते म्हणाले, ‘अहो, मला नका सांगू, तिला सांगा. गाडी तिची, पैसे तिचे.’ तर तो म्हणतो, ‘हो काका, पण तुमच्या कानावर असलेलं बरं.’ पुढे फॉर्म भरताना, ‘मॅडम, नंबर काकांचाच टाकतो, तुम्हाला उगाच फोनचा त्रास नको.’ नको म्हणून सांगितलं, माझा नंबर लिहून दिला. तरी महिन्याभरानं फोन आला तो वडिलांनाच. ‘सर, आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? दहापैकी किती गुण द्याल?’ त्यांनी शिक्षकाच्या सवयीनं सात दिले. पलीकडची मुलगी काकुळतीला आली, तेव्हा दहा केले. म्हणजे त्या शोरूमच्या हिशेबी मी पूर्ण समाधानी ग्राहक आहे. आणि मला कुणी काही विचारलेलंच नाही. शोरूमचं नाव देत नाही. दुसरं कुठलंही घातलं तरी गोष्ट तीच राहील, हे मला इतर बायकांकडून ऐकून ठाऊक आहे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात संशोधन पद्धतीच्या तासाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की आकडा बघण्याआधी प्रश्न कुणाला विचारला ते बघा. शोरूमच्या भिंतीवर ‘ग्राहक समाधानात प्रथम’ अशी फ्रेम लावलेली असते. त्या फ्रेममागे हजारो फोन असतात आणि ते फोन कुणाच्या खिशात वाजतात, हा प्रश्न त्या फ्रेमला कुणी विचारत नाही. फॉर्मवर मोबाइल क्रमांकाचा बहुधा एकच रकाना असतो. तिथे ज्याचा नंबर पडला, तो ग्राहक. सर्व्हिसिंगची आठवण त्याला, विम्याच्या नूतनीकरणाचा निरोप त्याला, समाधानाचा प्रश्न त्यालाच.

गंमत अशी, की मोटारगाड्यांबद्दल ग्राहकाला पद्धतशीर विचारण्याच्या या धंद्याची सुरुवातीची एक मोठी कमाई बाईच्याच हातची आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये जे. डी. पॉवर नावाची पाहणी-संस्था निघाली, तिचाच कित्ता पुढे जगभर गिरवला गेला. सुरुवातीला कारभार घरातल्या जेवणाच्या टेबलावर चाले. गाडीमालकांची टपालानं आलेली उत्तरं जुळवताना पॉवर यांच्या पत्नी ज्युली यांच्या लक्षात आलं की माझदाच्या नव्या रोटरी इंजिनाची एक रबरी कडी अनेकांकडे निकामी होते आहे. त्या शोधानं संस्थेचं नाव झालं. संस्था मात्र नवऱ्याच्या नावाची.

बाईशी वेगळं वागतात, हा आपला निव्वळ समज नाही. शिकागो परिसरातल्या नव्वद शोरूममध्ये इयन एअर्स या कायद्याच्या अभ्यासकानं माणसं पाठवून पाहिली. सगळ्यांना एकाच पद्धतीनं, तीच वाक्यं बोलून घासाघीस करायला शिकवलेलं होतं. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या पुरुषाला सांगितलेल्या किमतीत विक्रेत्याचा जो नफा होता, त्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त नफा गोऱ्या बाईला सांगितलेल्या किमतीत होता. काळ्या पुरुषाच्या बाबतीत तो दुपटीहून जास्त आणि काळ्या बाईच्या बाबतीत तिपटीहून जास्त. आपल्याकडे काळं-गोरं नाही, पण शोरूमच्या दारात बाईचं लुगडं, बोली, पायातली चप्पल बघितली जात नाही असं कोण म्हणेल? नोकरदार शिक्षिकेला ‘साहेब कधी येतील’ विचारतात. कोळीण गेली तर ‘कुणाला भेटायचंय, मावशी?’ असं विचारतात.

या मावशीबद्दलच थोडं सविस्तर लिहिते. मुरूड भागातल्या एका मासे विकणाऱ्या बाईनं बचत आणि कर्ज मिळून छोटा टेम्पो घेतला. पहाटे बर्फात मासळी भरायची आणि अलिबागचा बाजार गाठायचा. तिच्याकडे लायसन्स नाही, चालवायला भाचा. कोळणीशी भाव करताना भले भले घाबरतात, हे आपण सगळ्या जाणतो. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तिचा आवाज चालला नाही. टेम्पोला काय होतंय हे तिला नेमकं माहीत होतं, कारण ती रोज त्यात बसते. ‘काशीदच्या चढावर भरलेली गाडी मागं ओढल्यासारखी होते, न् जळका वास येतो.’ काउंटरवरच्या मुलानं भाच्याकडे बघितलं आणि कागदावर लिहिलं, ‘जनरल चेकअप’.

हा कागद म्हणजे जॉबकार्ड. गाडी आत जाताना ग्राहकाची तक्रार त्यावर लिहितात, त्यावरूनच मेकॅनिक काम करतो आणि पुढे वाद झाला तर तोच पुरावा. तिचं वाक्य त्यावर आलं असतं तर मेकॅनिकनं क्लच उघडून बघितला असता. वॉरंटीच्या काळात तक्रार केली होती, हेही सिद्ध झालं असतं. तसं झालं नाही. तेलपाणी झालं, गाडी धुतली, बिल झालं. चारदा हेच झालं. चौथ्या वेळी वॉरंटी संपलेली होती आणि सगळ्या जॉबकार्डांवर ‘जनरल चेकअप’. मधल्या काळात भाड्याचा टेम्पो करावा लागला तो खर्च वेगळा, बर्फ वितळून फेकलेली मासळी वेगळी. ती मला म्हणाली, ‘पैसं माजं, आन् बोलनं भाच्याशी!’

दवाखान्यात बाई म्हणते ‘पोटात डाव्या बाजूला असं असं दुखतं’ आणि केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहून लोहाच्या गोळ्या देतात. आपल्या आरोग्य शिबिरांमध्ये आपण वर्षानुवर्षं हे बोलत आलो आहोत. जॉबकार्ड हा गाडीचा केसपेपर आहे. बाईचं निरीक्षण तिच्याच शब्दांत त्यावर यायला हवं आणि ते आल्याशिवाय तिनं सही करता कामा नये. एवढं एक जरी आपल्या गटांमध्ये पोचलं तरी बरंच साधेल.

समुद्राकाठच्या आणखी एका गोष्टीची इथे नोंद करते. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा गंजतो. वॉरंटीच्या पुस्तिकांमधल्या बारीक अक्षरात बहुधा वातावरणामुळे, क्षारांमुळे होणारं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला गाडी विकायची आणि किनारा वॉरंटीतून वगळायचा. त्याच शोरूममध्ये मग गंजरोधक लेप पैसे घेऊन विकतात. ज्या बाईला पुस्तिका कुणी उलगडून दाखवलीच नाही, तिला हे गंज चढल्यावर कळतं.

‘बाहेर कुठे हात लावून घेतलात तर वॉरंटी जाईल’ ही धमकीही नेहमीची. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला तो याच प्रकारासाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू द्यायची नाही आणि ग्राहकाला आपल्याच सर्व्हिस सेंटरला बांधून ठेवायचं. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली. पण बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका, हे आयोगानं बजावलेलं आहे. मुरूडच्या बाईला गावातल्या गॅरेजवाल्याकडे जाता येणं म्हणजे अलिबागची पन्नास किलोमीटरची खेप आणि अख्खा दिवस वाचणं. त्यात गावातला गॅरेजवाला तिला ओळखतो, तिचं ऐकून घेतो.

अमेरिकेतच २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास सांगायला हवा. गॅरेजना फोन करून रेडिएटर बदलायला किती घ्याल असं विचारलं. काहीच माहिती नसल्यासारखं विचारलं तेव्हा बायकांना पुरुषांपेक्षा जास्त दर सांगितला. ‘इतके इतके पडतात ना?’ असा बाजारभावाचा आकडा आधी घेतला की तो फरक नाहीसा झाला. मला हा निष्कर्ष फार आवडला, कारण यात बाईला मेकॅनिक व्हायला कुणी सांगत नाही. एक आकडा माहीत असणं पुरतं. आणि आकडा एकमेकींना विचारून कळतो. क्लचप्लेटला किती घेतले, पहिल्या सर्व्हिसिंगला किती, विमा शोरूमकडून किती आणि बाहेरून किती. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असा कायदा नाही, हे तर बहुतेकींना माहीतच नसतं.

महाराष्ट्रातल्या बायकांना हे काम नवीन नाही. १९७२ नंतरच्या दुष्काळात आणि टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीनं लाटणी घेऊन मोर्चे काढले. तेल, साखर, रॉकेल यांचा भाव आणि वजन बायकांनी रस्त्यावर उतरून मागितलं. पुढे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि तिचे घराघरातले वाटपसंघ चालवले ते मुख्यतः बायकांनी. ग्राहक चळवळीचा पाया आपण घातला असं म्हटलं तर ती फुशारकी होणार नाही. पण ती बाई ग्राहक होती ती स्वयंपाकघराची. डाळीत खडे आले तर तिचा शब्द शेवटचा. यंत्र आलं की ग्राहक पुरुष, ही वाटणी मोर्चानंतरही तशीच राहिली आणि आपणही तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

आता कायद्याकडे येते, कारण इथे जीव अडकतो. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपल्या कामाची मोठी सुधारणा म्हणजे तक्रारदार जिथे राहते किंवा काम करते तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. शोरूम पनवेलला असो की ठाण्याला, आपल्या बाईला अलिबागच्या आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आधी फोनवरून प्रयत्न करायचा तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

टेम्पोवाल्या मावशीला मात्र पहिला अडथळा वेगळाच आला. ‘तुम्ही धंद्यासाठी गाडी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही,’ असं समोरच्यांनी लेखी कळवलं. कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी वगळली आहे, हे खरं. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. ‘गाडी तर भाचा चालवतो, मग हा स्वयंरोजगार कसा?’ हा त्यांचा पुढचा मुद्दा. बाईला लायसन्स मिळवायला कुणी मदत केली नाही, म्हणून ती स्वतः चालवत नाही, आणि ती चालवत नाही म्हणून तो धंदा तिचा नाही! सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे की स्वतःच्या चरितार्थासाठी वाहन घेणाऱ्याला मदतीला एक-दोन माणसं असली तरी तो ग्राहकच राहतो. हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ असायला हवा. राज्यात काही शहरांतून पिंक ई-रिक्षा दिल्या जात आहेत, दहा टक्के बाईचे, वीस टक्के सरकारचे, सत्तर टक्के बँकेचं कर्ज. रिक्षा वाटल्या किती याचे आकडे येतील. दोन वर्षांनी बॅटरीची तक्रार घेऊन ती बाई सर्व्हिस सेंटरला जाईल तेव्हा तिच्याशी कोण कसं बोलेल, हे आपल्यालाच जाऊन बघावं लागणार आहे.

ग्राहकाच्या व्याख्येतला आणखी एक तुकडा मला सलतो. ज्यानं वस्तू विकत घेतली तो ग्राहक, आणि त्याच्या संमतीनं ती वापरणाराही ग्राहक. वरवर बघता ही सोयच आहे. बिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला तक्रार करता येते. पण समुपदेशन केंद्रात माझ्यासमोर बसणाऱ्या बायका बघा. हप्ता तिच्या पगारातून जातो, रोज चालवते ती, आणि बिल व आरसी नवऱ्याच्या नावावर, कारण शोरूममध्ये ‘साहेबांच्याच नावावर करू ना?’ असं विचारलं होतं आणि कुणी नाही म्हटलं नव्हतं. मग घरात भांडण होतं, ती माहेरी येते, आणि संमती जाते. गाडी त्याच्या दारात, कर्जाला सहकर्जदार म्हणून सही हिची, बँकेचे फोन हिला. त्या बाबतीत बँकेकडे नंबर मात्र अचूक बाईचा असतो! कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची दाद मागता येते, ती आपण मागतोच. पण आरसीवर तिचं नाव असतं तर यातलं अर्धं भांडण झालं नसतं. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात नवऱ्यांना बायकोच्या नावानं जमीन करायला लावली होती. सात-बाऱ्याबद्दल जे आपल्याला तेव्हा पटलं, ते आरसीबद्दल आज पटायला अडचण नसावी.

राहता राहिली ती फोनवरची मुलगी. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ‘सर, प्लीज दहा द्या ना’ म्हणणारी ती मुलगी पेणची किंवा रोह्याची असेल, बारावीनंतर पहिलीच नोकरी, दिवसाला ठराविक फोन. गुण कमी आले की साहेब तिला सुनावतात, तिच्या पगारातल्या वरच्या रकमेवर पाणी पडतं. विक्रेत्या मुलाचंही तेच. म्हणून मला सहा द्यायचे असले तरी जीभ अडखळते. शोरूमनं बाईचं असमाधान गोळा करायला बाईच बसवली आहे आणि ते खरं निघालं तर तोटा तिचाच होईल अशी व्यवस्था केली आहे. तरीही माझं मत असं, की खरा आकडा सांगावा आणि सोबत सांगावं, ‘ताई, तू नीट बोललीस, हे सहा गुण तुझे नाहीत.’ तसा रकाना त्यांच्याकडे नाही. म्हणून तेच वाक्य शोरूमच्या मालकाला आणि कंपनीला लेखी पाठवावं, पोच घ्यावी.

आमच्या गटानं पुढच्या तिमाहीसाठी एवढंच ठरवलं आहे. मुरूड, अलिबाग आणि श्रीवर्धनच्या बैठकांना प्रत्येकीनं घरातल्या वाहनाचं बिल, आरसी, विम्याचा कागद आणि शेवटचं जॉबकार्ड घेऊन यायचं. नाव कुणाचं, नंबर कुणाचा, पैसे कुणाचे, तक्रार कुणाच्या शब्दांत, हे चार रकाने भरायचे. नंबर बदलून घेण्याचे अर्ज तिथेच लिहायचे. टेम्पोवाल्या मावशींची तक्रार अलिबागच्या आयोगाकडे दाखल करायची तयारी चालू आहे, दोन वर्षांची मुदत संपायच्या आत ती गेलीच पाहिजे. चारही जॉबकार्डांच्या झेरॉक्स काढून झाल्या. काशीदच्या चढाचं त्यांचं वाक्य या वेळी त्यांनी सांगितलं तसंच अर्जात घातलं आहे.